फक्त पन्नास हजारांचा फरक

पुण्याच्या खराडीत पहिली गाडी घ्यायचा विचार माणसाच्या डोक्यात साधारण जूनमध्ये येतो. कंपनीकडून पगारवाढीचं पत्र नुकतंच आलेलं असतं आणि त्यातला आकडा अजून कुठे खर्ची पडलेला नसतो. त्यात पाऊस सुरू होतो. नगर रोडवरून दुचाकीनं जाताना शेजारून पाण्याचा टँकर गेला की माणूस कमरेपर्यंत भिजतो, आणि ते पाणी टँकरमधलं नसून खड्ड्यातलं असतं. नेमका तेव्हाच बाजूच्या मोटारीत काच वर करून खारे शेंगदाणे खात बसलेला एक इसम दिसतो. तो अजिबात भिजलेला नसतो. पगारवाढ आणि हा कोरडा इसम एकाच आठवड्यात भेटले की त्या रात्री लॅपटॉपवर एक्सेल उघडतं.

आमच्या फ्लॅटमध्ये ते लातूरकरानं उघडलं. खराडीतल्या भाड्याच्या फ्लॅटांमध्ये माणसांना नावं नसतात, जिल्हे असतात. आमच्याकडे लातूरकर, यवतमाळकर आणि मी सांगलीकर. एक परभणीकरही होता, तो लग्न करून वाघोलीला गेला. त्याची पार्सलं मात्र अजून आमच्याकडेच येतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये चक्कर मारली तर हीच वस्ती चाकांवर उभी दिसते : एमएच-२२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २७ अमरावती, २९ यवतमाळ. शाळेत नकाशा भरताना मराठवाडा-विदर्भ जेवढा कळला नाही तेवढा मला या तळघरात कळला.

तर एक्सेलच्या पहिल्या ओळीत लातूरकरानं लिहिलं, ‘बजेट सहा लाख’. हा आकडा कसा काढला, असं विचारलं तर म्हणाला, “पाच कमी वाटायलेत, सात जास्त वाटायलेत.” पुढं त्या शीटमध्ये पुष्कळ आकडे आले, सूत्रं आली, रंगीत रकाने आले, पण इतका स्वच्छ युक्तिवाद पुन्हा कधी आला नाही.

सहाचा आकडा फोनवरून गावी गेला. लातूरकराचे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आता घरची सोयाबीन आणि तूर बघतात. अण्णांच्या डोक्यात मोटारीची किंमत एक लाख रुपये होती. २००९ साली टाटांनी नॅनो बाजारात आणली तेव्हा ही किंमत तिथे जाऊन बसली आणि नंतर कुणी हलवली नाही.

“ती लाखाची गाडी आली होती, ती बघ की.”

“ती बंद पडली, अण्णा.”

“का?”

“लाखाची होती म्हणून.”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मुलाला पुण्याला शिकायला पाठवल्याचा हिशेब ते मनात पुन्हा मांडत असावेत. पण उत्तर खरं होतं. देशातली सर्वात स्वस्त गाडी म्हणून जिची ओळख करून दिली, ती दारात उभी करायला कुणाला नको होती. गाडी स्वस्तात मिळावी असं सगळ्यांना वाटतं. ती स्वस्त आहे हे शेजाऱ्याला कळू नये, एवढंच.

अण्णांच्या पिढीची बजेटं पार वेगळ्या कारणानं जमायची. बजाजचा कारखाना आकुर्डीत, तरी पुण्यातल्या माणसालाही स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पहिली मारुती ८०० १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली, तेव्हा मागे रांग केवढी होती ते विचारू नका. त्या थांबण्याच्या काळात माणूस पैसे साठवी. म्हणजे पैसे नसण्याची अडचण कारखानदारच परस्पर सोडवत. आता लातूरकर नुसता मोबाइल हातात घेतो आणि बँकेचा मेसेज येतो की तुमचं आठ लाखांचं वाहनकर्ज आधीच मंजूर आहे. त्यानं मागितलेलं नसतं. त्याला अजून गाडी कोणती घ्यायची तेही ठाऊक नसतं. बँकेला मात्र ठाऊक असतं की हा सहावर थांबणार नाही.

सहाला पहिला धक्का यवतमाळकरानं दिला. त्याच्याकडे स्वतःची सायकलही नाही, पण क्रॅश टेस्टचे व्हिडिओ तो जेवताना बघतो. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात तयार झालेल्या गाडीला असे तारे पहिल्यांदाच मिळत होते. तेव्हापासून या देशातला प्रत्येक तरुण पार्किंगमधल्या गाडीवर बोटांच्या पेरांनी टकटक करतो आणि “पत्रा पातळ आहे” असा निकाल देतो. यवतमाळकरानं आमच्या तळघरातल्या झाडून सगळ्या गाड्या वाजवून बघितल्यात. वॉचमननं एकदा त्याचं नाव वहीत लिहून घेतलं होतं.

“पाच स्टार नसल तर मी बसणार नाही बे तुह्या गाडीत,” यवतमाळकर म्हणाला. तो पेट्रोलचे पैसे देणार नव्हता, टोलचे देणार नव्हता, पण त्याच्या बसण्या-न बसण्यावर लातूरकराचं बजेट सहावरून साडेसातवर गेलं. आता, समोरासमोरची ती क्रॅश टेस्ट ताशी ६४ किलोमीटर वेगानं घेतात. टॉमटॉम या कंपनीनं जगभरच्या शहरांतली २०२४ ची वाहतूक मोजली, त्यात पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागतात असं निघालं. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. मंद शहरांत पुण्याचा जगात चौथा नंबर आला. (कोलकाता आणि बंगळुरू आपल्या पुढे आहेत, हे काही आम्हा पुणेकरांना पटलेलं नाही.) तेव्हा खराडी बायपासच्या चौकात ताशी ६४ च्या वेगानं आदळायचं असेल तर त्यासाठी रात्री अडीचला उठावं लागेल. हे मी बोलून दाखवलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भाजी आणायला खाली गेलो.

मग शोरूम. इथे एक गोष्ट सांगायला हवी. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जी किंमत छापतात ती ज्या गाडीची असते, ती गाडी शोरूममध्ये नसते. ते बेस मॉडेल. ते मागवावं लागतं, आणि मागवतो असं म्हटल्यावर समोरचा मुलगा असा चेहरा करतो की आपण त्याच्या बहिणीचं स्थळ नाकारलं. बेस मॉडेलमध्ये गाडी असते, एवढंच. त्याच्या वरच्या मॉडेलात गाणी वाजतात. त्याच्या वरच्यात मागं बघायचा कॅमेरा येतो. त्याच्या वरच्यात चाकं सुंदर होतात. आणि प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये “फक्त पन्नास हजारांचा फरक” असतो.

“सात वर्षांवर टाकलं तर महिन्याला आठशे रुपये पडतात, सर,” तो मुलगा म्हणाला. “महिन्यात एक पिझ्झा कमी खायचा.”

हिशेब बरोबर होता, मी नंतर ताडून पाहिला. नऊ टक्के दरानं पन्नास हजारांचा सात वर्षांचा हप्ता आठशे चार रुपये येतो. लातूरकरानं कॅमेऱ्यासाठी एक पिझ्झा सोडला, चाकांसाठी दुसरा, आणि पुढल्या सात वर्षांचे सगळे पिझ्झे त्या एका संध्याकाळी संपवले.

सनरूफवर मात्र गाडी अडली. छप्पर उघडतं हे व्हिडिओ कॉलवर बघून लातूरकराची आई म्हणाली, “वर भोक कशाला पाडून घ्यायलास? पाऊस आत घ्यायचाय का?” खराडीत राहून तिचं म्हणणं खोडता येत नाही. आमच्या भोवती जिकडेतिकडे टॉवर उभे राहतायत. सकाळी पुसलेल्या दुचाकीच्या टाकीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. सनरूफ उघडलं तर आकाश दिसण्याआधी सिमेंट दिसेल. तरी आमच्या तळघरातल्या निम्म्या गाड्यांना सनरूफ आहे आणि ते उघडं मी फक्त मिरवणुकीत पाहिलंय, त्यातून पोरं वर आलेली असतात.

टेस्ट ड्राइव्ह नगर रोडवर झाली. गाडीला पाच गिअर होते, त्यातल्या दोघांशी ओळख झाली, तिसऱ्याला लांबून नमस्कार. यू-टर्न शोधेपर्यंत लातूरकराचा डावा पाय क्लचवरून हलला नाही. परत आल्यावर तो लंगडत उतरला. मुलानं पाण्याची बाटली पुढे केली आणि मायेनं विचारलं, “सर, ऑटोमॅटिक दाखवू? फक्त...”

“पन्नास हजार,” आम्ही तिघं एकदम म्हणालो.

अशा रीतीनं ऑगस्ट संपता संपता गाडी ठरली : चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल, उंचावर बसायची, ऑटोमॅटिक, एक्स-शोरूम आठ लाख साठ हजार. हे चार मीटरचं प्रकरण आपल्याकडे फार जपलेलं आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि छोटी म्हणजे कोणती, तर चार मीटरच्या आतली, असं ठरलं. मग कंपन्या टेप घेऊन बसल्या. आपल्या पुण्यातच टाटांनी इंडिगोची मागची बाजू कापून २००८ साली तिला चार मीटरच्या आत बसवली. तेव्हापासून भारतीय गाडीची डिकी कर विभागाच्या फूटपट्टीनं ठरते. घरच्यांचं माप मात्र निराळं आहे. डिकीत किती लिटर जागा आहे, असं कंपनी सांगते. लातूरकराच्या आईचा प्रश्न एकच होता : ज्वारीचं पोतं आडवं मावतंय का? याच प्रश्नावर सीएनजी बाद झाली. टाटांनी दोन छोटे सिलिंडर तळाशी घालून डिकी मोकळी करायची युक्ती काढलीय, हे लातूरकरानं समजावून सांगितलं. पण पोत्याखाली गॅस, हे ऐकून आईनं विषयच मिटवला.

आणि मग सप्टेंबर उजाडला. त्या २०२५ च्या सप्टेंबरची आठवण गाड्या विकणारे अजून काढत असतील. तीन तारखेला जाहीर झालं की छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के होणार, वरचा सेसही जाणार, पण बावीस तारखेपासून. आता बावीसपर्यंत कोण शहाणा गाडी घेईल? त्यातच सात तारखेला पितृपक्ष लागला. म्हणजे ज्यांचा अर्थशास्त्रावर विश्वास ते आले नाहीत आणि ज्यांचा पंचांगावर विश्वास तेही आले नाहीत. शोरूममधली मुलं दारात उभी राहून बाहेरची वाहतूक कोंडी बघत. एरवी पितृपक्षात सूट मिळते, धीट माणसं तेव्हाच गाडी घेतात. त्या वर्षी धीटपणालाही काही अर्थ उरला नव्हता. आणि बावीस सप्टेंबर म्हणजे नेमकी घटस्थापना. दिल्लीत अर्थ मंत्रालयात कुणीतरी दाते पंचांग ठेवून आहे, असं माझं तेव्हापासून मत झालं आहे.

लातूरकराच्या गाडीवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ वर आला. आठ लाख साठ हजारांची गाडी सात लाख सत्याऐंशी हजारांच्या आसपास आली. सुमारे त्र्याहत्तर हजार वाचले. फ्लॅटमध्ये आनंद झाला, यवतमाळकरानं स्वतःच्या पैशानं बिर्याणी मागवली. ही घटना मी मुद्दाम नोंदवतो. दुसऱ्या दिवशी लातूरकर शोरूममध्ये गेला आणि वाचलेल्या पैशांतून एक मॉडेल वर चढून परत आला. नवी किंमत, एक्स-शोरूम : आठ लाख साठ हजार. सरकारनं दिलेली सवलत देशाच्या अर्थव्यवस्थेत चोवीस तासांच्या आत परत गेली होती. मागणी वाढावी म्हणून कर कमी केला, असं सरकार म्हणत होतं. ते म्हणतं त्याप्रमाणे काही घडताना मी प्रत्यक्ष पाहिलं ते एवढंच.

कोटेशनचा कागद घेऊन बसायला अण्णा स्वतः पुण्याला आले. हा कागद वरून खाली वाचायचा असतो, पण तयार केलेला असतो तो खालून वर. खाली महिन्याचा हप्ता ठळक असतो आणि तो बघून माणसाला बरं वाटतं. अण्णांनी मात्र चाळीस वर्षं पेपर तपासलेले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

“सर, हा आरटीओचा टॅक्स,” मुलगा म्हणाला. त्या शोरूममध्ये ‘सर’ म्हटलं की बापलेक दोघंही माना वर करत. लातूरकराला ते अजून नवीन होतं आणि अण्णांना गावात दुसरं कुणी काही म्हणतच नाही.

दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात अकरा टक्के वाहनकर लागतो. म्हणजे चौऱ्याण्णव हजार सहाशे. अण्णांनी कागदाच्या कडेला भागाकार केला. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. “पावणेअठरा क्विंटल,” ते म्हणाले. “नुसता नंबर लावायला पावणेअठरा क्विंटल सोयाबीन. आन् तेही हमीभाव मिळाला तर.” मुलाला वाटलं, अण्णा गाडीचं वजन विचारतायत. त्यानं माहितीपत्रक उघडलं.

पुढे विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, २०१८ पासूनचा नियम आहे. बाकीचा, म्हणजे स्वतःच्या गाडीचा, एका वर्षाचा. इथे अण्णांनी एक शोध लावला. गाडी नवीकोरी असली तरी विमा कंपनी तिची किंमत पाच टक्के कमी धरते. “म्हणजे फाटकाबाहेर पडली की त्रेचाळीस हजार गेले?” “हो सर, डेप्रिसिएशन.” “मग फाटकाच्या आतच ठेवा की.” मुलगा हसला. अण्णा विनोद करत नव्हते.

त्याखाली वाढीव वॉरंटी, फास्टॅग, नंबर प्लेट, आणि ‘ॲक्सेसरीज किट’ नावाचं एक गाठोडं. त्यात चटया, मडफ्लॅप, सीटची कव्हरं, आणि दाराला लावायची एक पट्टी जिचा उपयोग मुलालाही सांगता आला नाही. अण्णांनी पट्टीवर लाल रेघ मारली. मग वॅक्स कोटिंगवर मारली. मग ‘हँडलिंग चार्जेस’ या ओळीशी ते थांबले आणि मुलाकडे चष्म्यावरून बघत राहिले. बोलले काही नाहीत. त्या नजरेला अनेक तुकड्यांची मुलं घाबरलेली असणार. हा मुलगा आत गेला, मॅनेजरशी बोलला आणि परत येऊन म्हणाला की ते आम्ही काढतो. एवढी वजाबाकी होऊनसुद्धा रस्त्यावर येईपर्यंत गाडी दहा लाखांच्या पुढे गेलीच. सहा लाखांची पहिली ओळ शीटमध्ये तशीच वर होती. ती कुणी खोडली नाही, भिंतीवरून मोठ्या माणसाचा फोटो काढत नाहीत तशी ती राहिली.

दसऱ्याला गाडी घरी न्यायची असं ठरत होतं. पण त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा पडला ते सगळ्यांनी पाहिलंय. अण्णा फोनवर म्हणाले, “रानात गुडघाभर पाणी आहे. गावात कुणाच्या घरी चूल नीट पेटंना आन् आपण हार घातलेली गाडी घेऊन जायची का? दिवाळीचं बघू.” लातूरकरानं शोरूमला कळवलं. तो त्या रात्री शीट उघडून बसला होता, पण काही लिहीत नव्हता. पुढे आठवडाभर गाडीचा विषय आमच्याकडे निघाला नाही. मुहूर्त पाडव्याचा ठरला, २२ ऑक्टोबर.

दरम्यान यूट्यूबवरच्या एका सल्लागारानं लातूरकराला अमेरिकेतला एक नियम शिकवला, वीस-चार-दहा. वीस टक्के रोख भरा, कर्ज चार वर्षांत फेडा, आणि गाडीचा महिन्याचा एकूण खर्च मिळकतीच्या दहा टक्क्यांत बसवा. आठ लाख कर्जाचा नऊ टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता १९,९०८ रुपये. तो दहा टक्क्यांत बसवायचा तर पेट्रोल न घालताच महिन्याला दोन लाख पगार हवा. खराडीत तसे पगार आहेत. पण ती माणसं पहिली गाडी घेत नाहीत, बायकोसाठी दुसरी घेतात. लातूरकरानं नियम बाजूला ठेवला आणि सात वर्षं घेतली : हप्ता १२,८७१. चार वर्षांत व्याज दीड लाखाच्या आसपास जातं, सात वर्षांत दोन लाख एक्याऐंशी हजार. हे त्यालाही दिसत होतं. पण हप्ता दर महिन्याला दिसतो आणि व्याज कधीच एकदम समोर येत नाही.

शिवाय मेट्रो आहेच. रामवाडीपर्यंत ती मार्च २०२४ मध्ये आली. तिथून पुढे वाघोलीच्या बाजूला विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला केंद्रानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आणि नोव्हेंबरमध्ये खराडी ते खडकवासला मार्गालाही दिली. पाच वर्षांत काम व्हावं असं म्हणतात. लातूरकराचं कर्ज सात वर्षांचं. म्हणजे शेवटची दोन वर्षं तो मेट्रोतून खिडकीबाहेर बघत गाडीचे हप्ते भरेल. अर्थात शिवणे-खराडी रस्ता आमच्या डोळ्यांदेखत कसा रखडलाय हे ठाऊक असल्यानं त्यानं या बाबतीत कर्जावर जास्त विश्वास ठेवला.

एमएच-१२ घ्यायची की एमएच-२४, यावर घरात दोन तट पडले. लातूरकराला लातूरचा नंबर हवा होता, आपली माती वगैरे. अण्णांना पुण्याचा हवा होता. “गावात चोवीस सगळ्यांच्याच दारात हाय,” ते म्हणाले. पत्ता पुण्याचा असल्यानं बाराच मिळाला. पसंतीच्या नंबराचा विषय यवतमाळकरानं काढून पाहिला. चार-एक-चार-एक इंग्रजीत जरा वाकवून लिहिलं की ‘दादा’ वाचता येतं, दोन-एक-चारचा ‘राम’ होतो. पण एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती सरकारी साच्यातली प्लेट लागते. त्यामुळे आता दादा नुसता मनातल्या मनात वाचायचा, आणि त्यासाठी शुल्क मात्र भरायचं. साधा नंबर आला. आईनं फोनवरच आकड्यांची बेरीज केली, नऊ आली नाही. तिनं पुन्हा केली. मग म्हणाली, राहू दे, गाडीचा रंग तरी पांढरा आहे.

शीटमध्ये एक ओळ सगळ्यांच्याच नजरेतून सुटली होती. आमच्या भाडेकरारात ‘एक दुचाकी पार्किंग’ असं लिहिलं आहे. मोटारीची जागा घरमालकानं आधीच दुसऱ्याला दिलेली. परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये, गाडी ठेवायची जागा दाखवा तरच नोंदणी, असा विचार मुंबईच्या बाबतीत बोलून दाखवला होता. तसा नियम खराडीत आला तर शोरूम बंद करून तिथे पार्किंग काढणं परवडेल. आठवडाभर फिरून लातूरकरानं बाजूच्या इमारतीत यांत्रिक पार्किंगमधली वरची जागा भाड्यानं मिळवली. त्या भाड्यात त्याच्या गावात दोन खोल्या मिळतात. वरची गाडी खाली आणायची तर आधी खालची बाहेर काढावी लागते, आणि खालचे गृहस्थ अमेरिकेच्या शिफ्टला काम करतात. ते दिवसा झोपतात. म्हणजे लातूरकराला गाडी हवी असेल तेव्हा एका अनोळखी माणसाला झोपेतून उठवायचं. त्याचं ऑफिस ईऑन आयटी पार्कला, घरापासून दोन किलोमीटर. तो चालत जातो. चालत लवकर पोचतो.

पाडव्याला शोरूममध्ये लग्नसराईची गर्दी होती. प्रत्येक कुटुंबाला ठरावीक वेळ. गाडीवर रेशमी कापड, ते दोन बाजूंनी धरून ओढायचं, मग टाळ्या, मग पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली हातात घेऊन फोटो. ती किल्ली सगळ्यांना एकच; मागचं कुटुंब ती आमच्याकडून घ्यायला टपलेलं. आईनं हळदकुंकू लावलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फरशीवर फोडू नका, अशी विनंती मुलानं केली, तेव्हा अण्णांनी तो बाहेर नगर रोडच्या दुभाजकावर फोडला. तिथे आधीच पुष्कळ फुटलेले होते. लिंबं चिरडली गेली. मुलगा हळूच लातूरकराजवळ आला आणि म्हणाला, “सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा सांगा हं. नऊ म्हटलं तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो.” अण्णांनी ते ऐकलं. त्यांनी आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. नंतर फोन आला तेव्हा ते “साडेनऊ” म्हणाले, आणि शोरूममधल्या मुलासाठी म्हणून त्यांनी तेवढं केलं हे आम्हाला फार मोठं वाटलं.

टेंभुर्णी-बार्शीमार्गे सगळे गावी पोचले. यवतमाळकर आणि मीही गेलो. पाच तारे असल्यामुळे तो बसला. सीटवरचं प्लास्टिक काढायला अण्णांनी मनाई केली होती, त्यामुळे वळणावर आम्ही एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत घसरत होतो. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली गाडी उभी होती आणि लोक येऊन वाजवून बघत होते. ॲव्हरेज किती देते, हा प्रश्न प्रत्येकानं विचारला. अण्णांनी प्रत्येकाला कंपनीनं छापलेला आकडा सांगितला, कारण त्यात नगर रोड धरलेला नाही.

किमतीच्या बाबतीत मात्र त्यांनी माणूस बघून उत्तर दिलं. उसने पैसे मागण्याची शक्यता असलेल्या मेहुण्याला सांगितलं, सगळी कर्जावर आहे. सरपंचाला ऑन रोड सांगितली. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना एक्स-शोरूम, कारण उधळपट्टी केली असं त्यांना वाटायला नको. संध्याकाळी लग्नं जमवणारे एक गृहस्थ आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावले, सनरूफ नाही हे त्यांच्या लक्षात आलं पण त्यांनी ते वाढवलं नाही. चहा झाला. मग बशी खाली ठेवत त्यांनी मुद्द्याचं विचारलं, “मुलाची पुण्यात स्वतःची काही जागा?”

“पार्किंग हाय,” अण्णा म्हणाले.